नदी रस्त्यात नव्हती

प्रमिलाताई,

तुम्हाला नावाने हाक मारायची ही माझी पहिलीच वेळ. माझ्या अनिरुद्धचं आणि तुमच्या मुग्धाचं लग्न झाल्यापासून मी तुम्हाला तोंडावर 'मुग्धाच्या आई' म्हणत आले आणि माघारी 'अकोल्याच्या विहीणबाई'. तुम्ही मात्र तोंडावर काय नि माघारी काय, सारख्याच मानाने मला 'विहीणबाई' म्हणायचात. आता तुम्ही ऐकायला नाही, तेव्हा नाव घ्यायला मला काही कष्ट पडत नाहीत. माझं सगळं असंच. जे करायचं ते वेळ टळून गेल्यावर.

बातमी आली तेव्हा मी आयर्लंडात, मलिंगारच्या या स्वयंपाकघरात आपल्या नातीच्या, ईराच्या, डब्यासाठी पोळ्या करत होते. मुग्धा हॉस्पिटलला निघायच्या घाईत जिन्याच्या पायरीवर बसून बूट घालत होती. तुमच्या मुलाचा फोन आला. ती 'काय?' एवढंच म्हणाली आणि एक बूट पायात, एक हातात, तशीच बसून राहिली. तुम्ही झोपेतच गेलात, असं तो सांगत होता. मला ते ऐकू आलं, आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? पुढच्या आठवड्यात तुम्ही इथे येणार होतात आणि मी पुण्याला परत जाणार होते. माझ्या मनात आलं, आता माझं जाणं लांबलं. मग मी तवा बंद केला, तिच्याजवळ जाऊन बसले, पाठीवरून हात फिरवला, पाणी दिलं, सगळं रीतसर केलं. पण तो विचार आधी आला होता. हे मी अनिरुद्धलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण माझ्याकडून तुमची याहून मोठी अपेक्षा नसणारच.

मुग्धा त्याच संध्याकाळी निघाली. तुमचं शेवटचं दर्शन तिला डब्लिनच्या विमानतळावर, फोनच्या पडद्यावर झालं. दुसऱ्या दिवशी शेजारची ब्रीज ॲपल टार्ट घेऊन आली. इथली रीत आहे ना, कोणी गेलं की शेजारी दार वाजवतात, हात हातात घेतात आणि म्हणतात, "सॉरी फॉर युअर ट्रबल." तिने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, "शी वॉज युअर सिस्टर, वॉझन्ट शी?" मी म्हटलं, नाही, माझ्या सुनेची आई. विहिणीला इंग्रजीत धड शब्द नाही, तेव्हा ते असं लांबलचक सांगावं लागलं. ब्रीज म्हणाली, "अह शुअर, सेम थिंग." आणि माझ्याऐवजी तीच रडायला लागली. म्हणाली, तुम्ही तिच्या कुंपणाशी उभ्या राहून तिच्या गुलाबांची चौकशी करायचात, तुमच्या भाषेत, आणि तिला सगळं समजायचं. मी इतकी वर्षं या घरात येते, प्रमिलाताई. ब्रीजकडे गुलाब आहेत हे मला त्या दिवशी कळलं. तिचं सांत्वन मी मान खाली घालून घेतलं, दुसऱ्याच्या नावाचं पार्सल सही करून घ्यावं तसं.

ईराच्या जन्मापासून आपल्या दोघींची पाळी लागली होती. तीन महिने तुम्ही, तीन महिने मी, मधले महिने पाळणाघर. मुग्धाच्या रात्रीच्या ड्यूट्या, अनिरुद्धचं रोज कामासाठी ॲथलोनला जाणं-येणं, त्यात पोर सांभाळायची म्हणजे दोन आज्या लागणारच. आपली गाठ पडायची ती विमानतळावर, नाहीतर एखाद्या रात्रीपुरती. तुम्ही निघालात की मी पहिलं काम काय करायचे माहीत आहे? ओट्यावरची प्रेस उघडायचे. ईरा कपाटाला प्रेस म्हणते म्हणून आपणही म्हणायला लागलो. त्यातले सगळे डबे खाली काढून पुन्हा माझ्या पद्धतीने लावायचे. गंमत अशी की ते आधीच माझ्या पद्धतीने लावलेले असायचे. तुम्ही तीन महिने या घरात राहायचात आणि एक डबा इकडचा तिकडे करायचा नाहीत. फक्त तुमची शेंगदाण्याची चटणी आणि येसर मसाल्याची बरणी खालच्या कप्प्यात, कोपऱ्यात, पाहुण्याने पिशवी ठेवावी तशी. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटायचं, की विहीणबाईंना आपली पायरी कळते.

आणि मी कोण? तर शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, सुधारक विचारांची बाई! अकोल्याच्या मांडवात तुम्ही माझे पाय धुवायला तांब्या घेऊन आलात, तेव्हा मी तुमचा हात धरून चारचौघांत म्हणाले, "आम्हाला मानपान नको." माझ्या लग्नात माझ्या आईने सासूबाईंचे पाय धुतलेले मी पाहिले होते, आणि तेव्हाच ठरवलं होतं की आपण हे करून घ्यायचं नाही. सगळ्यांनी कौतुक केलं. ते कौतुक मी किती वर्षं पुरवून खाल्लं. पाय धुऊन घेतले नाहीत खरे, पण लग्नानंतर तुम्ही माझ्यापुढे कधी बसल्या नाहीत, माझ्या आधी कधी जेवल्या नाहीत, एक दिवस सोडला तर माझ्या शब्दापुढे शब्द काढला नाहीत, आणि हे मी दर भेटीत, न लाजता घेत राहिले. मांडवात एकदाच पाय धुतले असते तर कदाचित तिथेच मिटलं असतं.

आता रूआँच्या त्या दिवसाबद्दल लिहायचं. तेवढ्यासाठीच हे लिहायला बसले आणि इतका वेळ इकडचं तिकडचं करत राहिले.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आपल्या पाळीची अदलाबदल आणि मुग्धाची भूलतज्ज्ञांची परिषद एकाच आठवड्यात आली. परिषद फ्रान्सात, रूआँला. मुग्धाने तुमच्या-माझ्या व्हिसाची सोय आधीच करून ठेवली होती. अनिरुद्ध ईराला बघणार होता. "तुम्ही दोघी कधी एकत्र कुठे जातच नाही," ती म्हणाली, "मी दिवसभर हॉलमध्ये असेन, तुम्ही मस्त गाव बघा. सगळं चालत जाण्यासारखं आहे." तिने माझ्या फोनवर नकाशात रस्ता आखून दिला. हॉटेल, घड्याळ, कॅथीड्रल, जुनं दफनाचं अंगण, जुना बाजारचौक, परत हॉटेल. फोन माझ्याकडे दिला, तुमच्याकडे नाही, याचं तेव्हा दोघींनाही काही नवल वाटलं नाही.

तुम्ही मुग्धाचा जुना कोट घातला होतात, साडीवर. पायात तिनेच आणलेले पांढरे बूट. खांद्यावर कापडी पिशवी, तिच्यात दशम्या, चटणी, पाण्याच्या दोन बाटल्या आणि माझी छत्री. माझी छत्री माझ्याकडे का नव्हती? कारण हॉटेलच्या दारात तुम्ही हात पुढे केलात आणि मी दिली. मी पुढे, तुम्ही दोन पावलं मागे. उजवीकडे जायचं की डावीकडे, असं मी विचारलं की तुमचं ठरलेलं उत्तर, "तुमी म्हनान तसं." तिसऱ्यांदा ते ऐकून मी उखडले. "तुम्हाला स्वतःचं मत आहे की नाही?" असं विचारलं. तुम्ही म्हणालात, "या गावाले नदी हाये म्हन्ते. मुग्धा सांगे. तेवढी पाहिली असती."

मी फोनकडे पाहिलं आणि म्हटलं, "रस्त्यात नाहीये."

रस्त्यात नव्हतीच. आखलेल्या रेषेपासून दोन गल्ल्या बाजूला होती. हे मला तेव्हाही दिसत होतं. नकाशावर निळी पट्टी अंगठ्याएवढी जाड दिसत होती.

पण तो दिवस सगळाच वाईट नव्हता, आणि तसं लिहिलं तर तुमच्यावर पुन्हा अन्याय होईल. लाकडी पट्ट्यांची ती जुनी घरं, एकमेकांच्या खांद्यावर रेलल्यासारखी वाकडी झालेली. तुम्ही एका घराखाली उभ्या राहून वर बघत म्हणालात, "माय! आता पडन का मंग पडन?" कमानीवरचं ते सोनेरी घड्याळ, त्याला एकच काटा. मी म्हटलं, मिनिटांचं काय? तुम्ही म्हणालात, "जुन्या लोकाईले एवढी घाई नसन." आणि कॅथीड्रलचा तो एक मनोरा, ज्याला लोण्याचा मनोरा म्हणतात. मुग्धाने लिहून ठेवलेलं मी तुम्हाला वाचून दाखवलं, की त्यांच्या मोठ्या उपासाच्या दिवसांत लोणी वर्ज्य, पण देवळाला देणगी दिली तर खायला परवानगी, आणि म्हणे त्या देणग्यांतून हा मनोरा उभा राहिला. तुम्ही एवढ्या हसलात की पिशवी खाली ठेवावी लागली. "उपासाले लोनी! अन् आपन साबुदाना खाऊन सोताले पुण्यवान समजतो!" मीही हसले. आपण दोघी अनोळखी गावात, अनोळखी देवळासमोर, तोंडाला पदर आणि ओढणी लावून हसत होतो. तेवढा वेळ आपण विहिणी नव्हतो. तुमच्याबरोबर पुन्हा कुठे जायला मला आवडेल, असं माझ्या मनात आलं होतं. मी बोलले नाही. म्हटलं, चला, अजून बरंच बाकी आहे.

मग ते दफनाचं अंगण. प्लेगात मेलेल्यांना तिथे पुरायचे, चारी बाजूंच्या लाकडी तुळयांवर कवट्या आणि हाडं कोरलेली. तिथल्या बाकावर तुम्ही दशम्या काढल्यात. आजूबाजूला शाळेची मुलं चित्रं काढत होती, त्यांचे मास्तर आपल्याकडे बघत होते. मला लाज वाटली. तुमच्या पिशवीची, तेलकट फडक्याची, तुमच्या साडीवरच्या कोटाची. मी म्हटलं, "इथे नको, आपण कुठेतरी नीट बसून खाऊ." तुम्ही फडकं परत बांधलंत. नीट बसून खायला मिळालं नाही, कारण मांस नसलेलं काय आहे हे विचारायला मला फ्रेंच येत नव्हतं आणि विचारून फजिती होईल या धास्तीने मी एकाही हॉटेलात शिरले नाही. तुम्ही उपाशी, मी उपाशी, आणि दशम्या पिशवीत. हा शहाणपणा माझा.

अशा अवस्थेत आपण जुन्या बाजारचौकात पोहोचलो. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या एका कोवळ्या मुलीला पूर्वी इथे जिवंत जाळलं, ती जागा. उंच क्रूस आहे आणि त्याच्या पायथ्याशी फुलांचा वाफा. मी नेहमीप्रमाणे वर्गात सांगावं तसं सगळं सांगितलं. तुम्ही वाफ्याजवळ उभ्या राहिलात. बराच वेळ. मग विचारलंत, "त्या पोट्टीच्या मायचं काय झालं असन हो?"

मला भूक लागली होती, पाय दुखत होते. पण ही कारणं नव्हेत. मी जे बोलले ते माझ्या तोंडात आधीपासूनच होतं. मी म्हटलं, "मुलीच्या आईचं काय होणार? रडली असेल आणि गप्प बसली असेल."

तुम्ही माझ्याकडे वळून पाहिलंत. तुमचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

"काहून? पोरीची माय गप्पच बसते, हे तुमाले कोनं सांगतलं?"

मी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. "अहो, मुग्धाच्या आई, मी आपलं सहज..."

"मले नाव हाये. प्रमिला. दहा वर्सांत तुमी एक डाव घेतलं नाई." आवाज चढलेला नव्हता. "मी गप बसतो ते मले बोलता येत नाई म्हून नाई. पोराची माय पुढं, पोरीची माय मागं. लगनात समजलं. तठी आयर्लंडात कोनाचं लगन हाये? घर माह्या पोरीचं. नोकरी तिची, राती-बेराती ड्यूटी तिची. तुमचा पोरगा तिच्या मागं तठी आला. अन् तिच्या सैपाकघरात मी पाहुनी, तुमी मालकीन! डबा कोठी ठेवाचा हे पुन्याहून ठरते. दशम्या कोठी खायाच्या हे तुमी ठरवान. मी सकाळपासून एक गोष्ट मांगतली. नदी. तुमी म्हनल्या, रस्त्यात नाई. नदी काय तुमच्या रस्त्यात येऊन बसन?"

तुम्ही थांबलात. उत्तराची वाट पाहत उभ्या राहिलात. मी हजारो मुलींना शिकवलं, संस्थाचालकांशी भांडले, भरसभेत मंत्र्याला सुनावलं, आणि त्या क्षणी मला काय सुचलं? मी फोनकडे बघून म्हटलं, "उशीर होतोय. चला."

"तुमी बसा," तुम्ही म्हणालात. "मी येतो पाहून." माझी छत्री माझ्या हातात दिलीत आणि निघालात. ना भाषा, ना फोन, ना हातात नकाशा. एका बाईला खुणेने विचारलंत, तिने हात लांब करून दाखवलं, आणि तुम्ही त्या उतरत्या रस्त्याने ताठ चालत गेलात. मी उठून मागे येऊ शकले असते. बाकावर बसून राहिले. तुम्ही हरवलात तर मुग्धाला काय सांगू, अशी काळजी मला वाटली, आणि त्या काळजीलाही मी तुमची काळजी समजत होते.

तुम्ही परत आलात तेव्हा शांत होतात. बाकावर माझ्या शेजारी बसलात, फडकं सोडलंत आणि मला एक दशमी दिलीत. मी खाल्ली. नदी कशी होती, हे विचारलं नाही.

संध्याकाळी हॉटेलात मुग्धा आली. गळ्यातलं ओळखपत्रसुद्धा काढलं नव्हतं, तशीच पलंगावर बसून म्हणाली, "सांगा, कसं झालं?" आणि तुम्ही, माझ्यादेखत, हसत म्हणालात, "लई मस्त झालं. विहीणबाईनं मले नदीबी दाखवली." मुग्धाने माझ्याकडे इतक्या प्रेमाने पाहिलं! मी काय केलं? मी म्हटलं, "हो, बरीच रुंद आहे नदी." न पाहिलेल्या नदीबद्दल मी साक्ष दिली.

त्यानंतर दोन वर्षांत आपण विमानतळावर भेटत राहिलो. तुमचं 'विहीणबाई' तसंच, माझं 'मुग्धाच्या आई' तसंच. मी डबे लावणं सोडलं एवढंच, आणि त्यावर स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. मनात एक गोष्ट धरून होते, की प्रमिलाताईंनी मुग्धासमोर माझी लाज राखली, म्हणजे मला माफ केलं. त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं सुखाने झोपले.

परवा अकोल्याहून मुग्धाचा फोन आला. घरात भेटायला येणाऱ्या बायका एकच सांगतात म्हणाली, "प्रमिला कधी कोणाला उलटून बोलली नाही, कधी कोणाकडे काही मागितलं नाही." तिला ते ऐकून घुसमटायला होत होतं. म्हणाली, "जणू ती कोणी नव्हतीच, आई. तिचं असं काही नव्हतंच." मग म्हणाली, "एक बरं झालं. रूआँला तुम्ही तिला नदीवर नेलंत. ती कितीदा सांगायची! थँक यू हं." मी "असू दे गं" म्हणून फोन ठेवला.  तुमची लेक तुमच्यानंतर जे काही गोळा करत होती, त्यात माझं खोटं सगळ्यात वर ठेवलेलं होतं.

काल मीच तिला फोन केला. ईरा शाळेत गेल्यावर. म्हटलं, मुग्धा, मी तुझ्या आईला नदीवर नेलं नाही. ती एकटी गेली. आम्ही भांडलो होतो. म्हणजे ती भांडली, मी गप्प बसले.

  मग ती हळूच म्हणाली, "माझी आई भांडली? तुमच्याशी?"

"हो."

"काय म्हणाली? नेमकं सांगा. तिच्या शब्दांत."

इथे मला आणखी एक सांगितलं पाहिजे. तुमच्या बोलण्याची नक्कल मला उत्तम येते. पुण्याच्या मैत्रिणींत चहा घेताना मी ती करत असे, आणि सगळ्या पोट धरून हसायच्या. काल तीच नक्कल मी तुमच्या लेकीसाठी केली. पहिल्या वाक्यापासून, "काहून? पोरीची माय गप्पच बसते, हे तुमाले कोनं सांगतलं?" पासून. एक शब्द गाळला नाही. घर माह्या पोरीचं. तिच्या सैपाकघरात मी पाहुनी, तुमी मालकीन. मले नाव हाये. माझ्यावरचे सगळे आरोप मी माझ्याच तोंडाने, तुमच्या आवाजात म्हटले, आणि म्हणता म्हणता माझा आवाज फुटला. पलीकडे मुग्धा हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. मध्येच ओरडली, "दादा, इकडे ये, ऐक, आई कशी भांडली बघ! विहीणबाईंना धुऊन काढलं तिने!" आणि मला म्हणाली, "परत सांगा." मी परत सांगितलं. तुमच्या मुलालाही सांगितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या आवाजात जीव आला होता.

नदी कशी होती हेही मग तिच्याकडूनच कळलं. तुम्ही तिला सगळं सांगितलं होतंत. लांबलचक होड्या होत्या, त्यांत माणसं राहत होती, खिडक्यांना पडदे होते, एका होडीवर धुणं वाळत होतं. पाणी अकोल्याच्या मोर्णा नदीसारखंच मातकट, पण वाहतं. तुम्ही काठावर बसलात आणि बूट काढून बसलात. मी हे ऐकत राहिले. माझ्या बाकापासून ते अगदी जवळ होतं.

मग मी म्हटलं, "तिने तुला खरं सांगितलं नाही. माझी लाज राखली तिने. मोठं मन."

 रुग्णाच्या नातेवाइकांना सांगतात ना, आवाज न चढवता, नीट समजेल असं, तशी मुग्धा म्हणाली, "नाही, आई. तिने लपवलं ते तुमच्यासाठी नाही. माझ्यासाठी. मला तुमच्याबरोबर राहायचं होतं ना."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

म्हणजे तुम्ही मला माफ केलंच नव्हतं, प्रमिलाताई. ज्यावर मी दोन वर्षं निवांत होते ते माझ्यासाठी नव्हतंच. तुम्ही फक्त तुमच्या लेकीचं घर सांभाळलंत, माझ्यापासून. मी त्यातही स्वतःला मान मिळाला असं धरून चालले. लाजेलाही काही तळ असेल असं मला वाटत होतं. काल त्याच्याही खाली गेले.

मुग्धा रविवारी येते आहे. अनिरुद्ध म्हणतो, आई, तू आता इथेच राहा, कायमची. त्याला काय, तो माझा मुलगा. मी त्याला म्हटलं, हे तू नाही ठरवायचं आणि मीही नाही. ती आली, जरा सावरली, की मी तिला विचारणार आहे, मुग्धा, मी राहू का? ती जा म्हणाली तर जाईन, आणि नाराज न होता जाईन, निदान तसा प्रयत्न करीन. हे घर तिचं आहे. आज दुपारी कोणी नसताना मी ओट्यापाशी उभी राहून ते वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं. प्रमिलाताई, हे घर तुमच्या मुलीचं आहे. म्हणायला काही अवघड गेलं नाही. त्या दिवशी चौकात तुम्ही एवढ्याच वाक्यासाठी थांबला होतात.